किट कारला पेट्रोल पुरत नाही: आधी गेज लावायचा, पेट्रोल मोजायचं की तारा तपासायच्या?

आयडलला इंजिन छान चालतं, कमी वेगात काही तक्रार नसते. तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर पूर्ण दाबून धरला, की पाच हजार आरपीएमच्या पुढे ओढ हळूहळू मरते. पाय काढला की गाडी पुन्हा शहाणी. हे लक्षण दिसलं की बहुतेक जण नवा पंप मागवतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत तो अंदाज कधीकधी बरोबर ठरतो, कारण तिथे पाइपाचा व्यास, तारेची जाडी, टाकीची रचना हे सगळं एकत्र तपासून ठरवलेलं असतं. उरतो तो झिजलेला सुटा भाग. किट कारमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडलेल्या गाडीत, इंजिन एका गाडीचं, टाकी किटसोबत आलेली, पंप कॅटलॉगमधून निवडलेला आणि तारा आपण ओढलेल्या. तिथे भागांपेक्षा भागांमधल्या जोडांवर आधी संशय घ्यायला हवा. म्हणून पंपावर पैसे घालण्याआधी तीन चाचण्यांपैकी कोणती आधी करायची, हे ठरवणं महत्त्वाचं आहे.

पेट्रोलचा दाब दाखवणारा गेज सगळ्यांच्या मनात पहिला येतो. रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपवर, टेस्ट पोर्ट असेल तर लावायला पाच मिनिटं पुरतात. पोर्ट इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत रेलचा दाब ३ बार, म्हणजे सुमारे ४३.५ पीएसआय असतो. काहींत तो ४ बार असतो, त्यामुळे आपल्या इंजिनाचा आकडा आधी माहीत हवा. दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरला इंजिनाकडून व्हॅक्यूमची नळी असेल तर आयडलला दाब थोडा कमी दिसतो आणि नळी काढताच मूळ आकड्यावर चढतो. तो चढला नाही तर रेग्युलेटर बघा. इंजिन बंद केल्यावर दाब पटकन पडत असेल तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी एक कारण असतं. सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेत असेल तर हीच चाचणी आधी करावी.

पण वर सांगितलेल्या तक्रारीत गेज फसवतो. आयडलला इंजिन अगदी थोडं पेट्रोल पितं आणि बाकीचं रेग्युलेटर परत टाकीत पाठवतो. त्यामुळे अर्धमेला पंपसुद्धा उभ्या गाडीत ३ बार दाखवतो आणि आपण इंधनाची बाजू निर्दोष धरून इग्निशन उसकटायला घेतो. दाब बघायचा असेल तो भाराखालचाच. त्यासाठी विजेवर चालणारा प्रेशर सेन्सर लावून त्याची फक्त तार आत आणावी. पेट्रोलने भरलेली नळी बाहेरून ओढून गेज काचेवर चिकटवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. ती नळी सुटली तर ३ बार दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनावर आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उडेल.

किती पेट्रोल येतं हे मोजण्याची चाचणी कंटाळवाणी वाटते, पण मला ती गेजपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. हिशोब सोपा आहे. १५० किलोवॅट, म्हणजे साधारण २०० अश्वशक्तीचं नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेलं, इंजिन पूर्ण भारावर प्रत्येक किलोवॅट-तासाला सुमारे ३०० ग्रॅम पेट्रोल जाळतं. तासाला ४५ किलो, म्हणजे सुमारे ६० लिटर, म्हणजेच मिनिटाला एक लिटर. पंपाने त्याहून निदान दीडपट द्यायला हवं.

मोजायचं कुठे, यात मात्र चूक होते. पंपाच्या तोंडाशी मोजलं तर पंपावर दाबच नसतो आणि थकलेला पंपही भरभरून ओततो. इंजेक्शनच्या गाडीत टाकीकडे परत जाणारा रिटर्न पाइप सोडवून डब्यात घ्यावा, इंजिन बंद ठेवून रिलेच्या (पंपाला वीज देणाऱ्या स्विचच्या) जागी जंपर तार लावून पंप चालवावा आणि ३० सेकंदांत किती आलं ते बघावं. पेट्रोल रेग्युलेटरमधून येत असल्यामुळे पंपाला खऱ्या दाबाविरुद्ध काम करावं लागतं. ज्या गाडीत रिटर्नच नाही, तिथे ही सोय नाही, तिथे भाराखालच्या दाबावरच भिस्त ठेवावी लागते. कार्ब्युरेटरला येणारा पाइप मात्र सरळ काढून मोजता येतो.

धार सुरुवातीला जोरात आणि दोन मिनिटांनी बारीक होत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा मोजा. फरक पडला तर टाकीचा व्हेंट, म्हणजे आत हवा येण्याची वाट, बंद आहे. नाही पडला तर पिकअपची, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची, जाळी किंवा फिल्टर बघा. नव्या टाकीत वेल्डिंगचा चुरा आणि सीलंटचे तुकडे सापडणं नेहमीचं आहे, आणि उलटा बसवलेला फिल्टरही मी पाहिला आहे.

या चाचणीत सांडण्याचा धोका खरा आहे. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात साचते. म्हणून खड्ड्यावर नाही, बंद गॅरेजमध्ये नाही, गरम इंजिनावर नाही. उघड्यावर, पेट्रोलसाठीच्या डब्यात, अग्निशामक हाताशी ठेवून. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं की रेलमधला दाब उतरतो.

तिसरी चाचणी मल्टिमीटरची. किट कारमध्ये मी हीच आधी करतो, कारण तिला पेट्रोलचा एक थेंबही सांडावा लागत नाही आणि सर्वांत जास्त चुका इथेच असतात. बॅटरी पुढे, टाकी आणि पंप मागे. १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धाटणीच्या गाड्यांत नेमकं हेच चित्र असतं. एवढ्या अंतरात फ्यूज, रिले, इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), इनर्शिया स्विच (धडकेत पंप बंद करणारा) आणि हाताने दाबलेली कितीतरी टर्मिनल येतात. शिवाय बऱ्याच किट कारची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे तिच्यातून अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळतच नाही. चॅसीवर पावडर कोटिंग, तेही विजेला अडवतं. माझ्या गाडीत अर्थची रिंग अशाच कोटिंगवर घट्ट आवळलेली होती आणि बोल्टच्या आट्यांतून जेमतेम प्रवाह जात होता. नवा पंप बसवूनही तक्रार तशीच राहिली, तेव्हा मी तिथपर्यंत पोहोचलो.

इथे मल्टिमीटरची सातत्य तपासणारी पिपाणी वाजली म्हणून तार चांगली, असं समजू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी ती वाजते. समजा जोडात ०.३ ओहम रोध आहे आणि पंप ७ अँपिअर घेतोय. तिथेच २.१ व्होल्ट गेले. मोजायचं ते इंजिन चालू आणि पंप कामात असताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या प्लसवर: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग तसंच मायनसकडून मायनसकडे: ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर एकेक जोड ओलांडत मागे या, आकडा जिथे अचानक घसरतो तो जोड दोषी.

क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) हाताशी असेल तर प्रवाहही बघावा. व्होल्टेज पूर्ण, प्रवाह नेहमीपेक्षा जास्त आणि पेट्रोल कमी, तर पंपाच्या पुढे काहीतरी तुंबलंय. प्रवाहही कमी आणि पेट्रोलही कमी, तर पंप झिजलाय किंवा हवा ओढतोय. हवा ओढत असेल तर पंपाआधीचा पाइप आणि त्याच्या क्लिपा तपासा.

थोडक्यात निवड लक्षणावरून करा. लांब ओढीत दम जातो: आधी मल्टिमीटर, मग मोजणी. गाडी सकाळी उशिरा सुरू होते: गेज. फक्त वळणावर आणि टाकी पाव असताना अडखळते: या तिन्हींवर वेळ घालवू नका. टाकी भरून तेच वळण घ्या. तक्रार गेली तर पेट्रोल पिकअपपासून बाजूला सरकतंय आणि टाकीत आडव्या पट्ट्या किंवा बाहेर स्वर्ल पॉट (पंपासाठी पेट्रोल साठवून ठेवणारं छोटं भांडं) हवा. गरम झाल्यावरच त्रास होत असेल तर पाइप एक्झॉस्टच्या किती जवळून जातो ते बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीला वाफेचा हा त्रास जास्त, कारण ३ बार दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. आणि ओढ हळूहळू न जाता चाकूने कापल्यासारखी तुटत असेल तर आधी इग्निशनकडे वळा.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी तर आणखी सोपी कसोटी आहे. मोकळ्या, सुरक्षित जागी गाडी अडखळताक्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी थांबवा, इंजिन निवू द्या आणि फ्लोट चेंबरमधली, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यातली, पातळी बघा. चेंबर भरलेला असेल तर पंप, टाकी, तारा सगळे सुटले, दोष जेटमध्ये किंवा इग्निशनमध्ये आहे. वेबर डीसीओई या कार्ब्युरेटरला २.५ ते ३.५ पीएसआय पुरतात. दाब वाढवून इलाज करायला गेलात तर चेंबरच्या तोंडाचा नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल रोखू शकत नाही आणि ते बाहेर वाहतं.

तिन्ही चाचण्या स्वच्छ निघाल्या आणि तक्रार कायम असेल, तर त्या कधी केल्या ते आठवा. बहुधा टाकी भरलेली होती. टाकीच्या आतला रबरी पाइप पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेला नसेल, तर तो बाहेरूनही फुगतो आणि चिरतो. चीर पेट्रोलखाली असेपर्यंत काहीच कळत नाही, पातळी खाली गेली की पंप तिथून हवा ओढतो. टाकी पावपर्यंत उतरवा आणि मोजणी पुन्हा करा. धारेत बुडबुडे दिसले तर टाकी उघडा आणि पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीच बनवलेला, जे ३०आर१० दर्जाचा पाइप बसवा.