कांचनजुंगाचा ट्रेक: गोएचा ला, पांगपेमा की यालुंग?

नुसतं शिखर डोळे भरून बघायचं असेल, तर सिक्कीममधला गोएचा ला (ला म्हणजे खिंड) पुरे. युक्सोमहून आठ-दहा दिवसांत जाऊन येता येतं, सीमा ओलांडायची कटकट नाही, खर्चही तिघांत कमी. पण ८,५८६ मीटरच्या या डोंगराला कोण कुठून भिडलं हे वाचून निघाला असाल, तर तिथे हिरमोड होईल. सिक्कीमच्या बाजूच्या मोहिमा झाल्या झेमू हिमनदीवरून. १९२९ आणि १९३१ मध्ये पॉल बाउअरच्या जर्मन चमूला ईशान्य धारेनं परतवलं. तीच धार १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या भारतीय सैन्याच्या चमूनं चढून दाखवली. गोएचा लाहून ती दिसतच नाही!

नेपाळमधलं पांगपेमा (सुमारे ५,१४० मीटर) म्हणजे उत्तरेकडचा बेस कॅम्प. अख्खी उत्तर भिंत समोर उभी. १९३० मध्ये इथेच हिमकडा कोसळून चेत्तन शेर्पा गेला आणि मोहिमेचे नेते डायरेनफर्थ यांनी माघार घेतली. १९७९ मध्ये डग स्कॉट, पीटर बोर्डमन, जो टास्कर उत्तरेकडूनच माथ्यावर गेले, तेही कृत्रिम प्राणवायूशिवाय. दृश्य म्हणून तिघांत सरस, मात्र वाट लांब आणि उंचीचा त्रास जास्त.

माझं मत नेपाळमधल्याच, दक्षिणेच्या यालुंग हिमनदीच्या बाजूला. १९०५ मध्ये क्रोली आणि जाको-गियार्मो यांची मोहीम याच बाजूला फसली. हिमप्रपातात चौघे गेले. क्रोली मदतीला तंबूबाहेरही पडला नाही. पन्नास वर्षांनी, २५ मे १९५५ रोजी, जॉर्ज बँड आणि जो ब्राउन याच बाजूनं वर पोचले आणि सिक्कीमच्या चोग्यालला (राजाला) दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबले. २०१९ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा गिर्यारोहक शिखरावर गेले, तेही नेपाळच्याच बाजूनं.

एक अडचण आहे. ट्रेकर ऑक्टांगपर्यंतच (सुमारे ४,७३० मीटर) जातात. गिर्यारोहकांचा तळ हिमनदीवर बराच पुढे असतो. तरी यालुंगची भिंत ऑक्टांगहून नीट वाचता येते.

तीन आठवडे हाताशी असतील, तर घुन्सामार्गे आधी पांगपेमा करा, मग सेले ला ओलांडून त्सेरामला उतरा आणि ऑक्टांग गाठा. तेवढी सुट्टी नसेल, तर थेट यालुंग. नेपाळच्या दोन्ही वाटांना प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना लागतो आणि तो एजन्सीमार्फतच मिळतो, हे बजेटमध्ये धरा. स्वच्छ आकाश हवं असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर.