प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या सोलेक्स कार्बोरेटरचं (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिपेअर किट: घ्या, पण वॉशरची जाडी मोजून

तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बिनकंपनीच्या पाकिटात मिळणाऱ्या या किटमधला निडल व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुईची झडप) चांगला आहे, सुई अडकत नाही. पंपाचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदाही मऊ आहे. मात्र इथेनॉलमिश्रित पेट्रोलने रबर लवकर खराब होतं, म्हणून तो दरवर्षी उघडून पाहाच.

खरी खोट निडल व्हॉल्व्हखालच्या तांब्याच्या वॉशरमध्ये आहे. तो जुन्यापेक्षा पातळ निघाला तर व्हॉल्व्ह वर सरकतो, फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा डबा) तो उशिरा बंद करतो आणि पेट्रोलची पातळी वाढते. मग गाडी ओव्हरफ्लो होते, प्लग काळे पडतात, आणि लोक उगाच मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) पिळत बसतात! जुना वॉशर फेकू नका, जाडी जुळवूनच नवा बसवा.

जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलंच. हवेच्या प्रेशरने फुंका. फ्लँजचे (कार्बोरेटर इंजिनावर जिथे बसतो त्या पट्टीचे) नटही फार आवळू नका. फ्लँज वाकते, हवा ओढते आणि आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा संथ वेग) वरखाली होतं.

ट्यूनिंग इंजिन पुरतं गरम झाल्यावर, चोक न लावता. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद, मग दीड फेरा उघडा. तिथून पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात वेगवान, एकसारखा आवाज शोधा, मग थ्रॉटल स्क्रूने आयडलिंग उतरवा. प्लग विटकरी-तपकिरी दिसला की जमलं. पांढरा असेल तर हवा जास्त.

कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर धूळ फार, एअर फिल्टर आधी झाडा.