‘तिन्ही पिकअप जळलेत’ असं कोणी सांगितलं तर गिटार तिथे ठेवू नका

मी वेंगुर्ल्याचा. गणपती, नवरात्र, लग्नाची रिसेप्शनं, नाताळ, असं वर्षभर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हे लिहितोय ते आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरी पट्ट्यातल्या पोरांसाठी, कारण आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटारचं वायरिंग बघणारा माणूस सहज मिळत नाही, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावं लागतं, त्यामुळे जवळपास कोणी ‘मी करतो’ म्हणाला की आपण देतो आणि त्याच अडचणीचा फायदा घेतला जातोय. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण काय झालं ते सगळं लिहितो.

माझी गिटार म्हणजे मेक्सिकोत बनलेली फेंडर प्लेयर स्ट्रॅट, ही सिरीज २०१८ ला आली. त्यात अल्निको ५ मॅग्नेटचे तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचं थरथरणं उचलून अँपकडे पाठवणारे चुंबक-कॉइलचे भाग. गोव्यातल्या एका वाजवणाऱ्याकडून सेकंडहँड घेतलेली, पैसे जमवून जमवून. पावसाळ्याच्या आधी मी स्वतः पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची प्लेट) उघडून आत तांब्याची पट्टी चिकटवली होती हम, म्हणजे घरघर, कमी व्हावा म्हणून, आणि तेव्हा मोबाइलवर आतले सगळे फोटो काढले होते, वायर कुठली कुठे जाते ते लक्षात राहावं एवढ्यासाठीच. हे फोटो पुढे कामी आले.

श्रावण संपता संपता गिटार कुरकुर करायला लागली. पिकअप निवडायचा स्विच हलवला की खर्रर्र आवाज, ब्रिज पिकअप (तारा अडकवतात त्या टोकाचा) मधेच गायब, व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा भाग, फिरवला की कचकच, आणि मधूनमधून सगळंच बंद मग केबल घालायच्या जॅकजवळ हात लावला की परत चालू. समुद्राजवळ राहणाऱ्याला हे नवीन नाही. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, बिनकल्हईचं पितळेचं भांडं कळकतं तसे स्विचचे आणि पॉटचे आतले कॉन्टॅक्ट कळकतात. तोंडावर गणपतीचे कार्यक्रम, नवीन फाइव्ह-वे (पाच जागांचा) स्विच गावात मिळत नव्हता, म्हणून जिल्ह्यातल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे गिटार दिली.

त्याने माझ्यासमोर केबल लावली, स्विच दोनदा फिरवला आणि म्हणाला, “दादा, तिन्ही पिकअप जळलेत. व्होल्टेज वरखाली होतं ना आपल्याकडे, कॉइल उडाल्यात. सगळा सेट बदलायला लागेल, इम्पोर्टेड टाकून देतो.” मी म्हटलं आवाज तर येतोय, तर म्हणाला, “आत्ता येतोय, कार्यक्रमात स्टेजवर बंद पडली तर मला बोलू नका.” साडेआठ हजार सांगितले. जुने पिकअप परत द्या असं मी तेव्हाच सांगितलं होतं, तो हो म्हणाला. गिटार घ्यायला गेलो तर म्हणे जुने कचऱ्यात गेले, जळलेल्याचं काय करणार तुम्ही. बिल म्हणून साध्या कागदावर ‘पिकअप सेट, वायरिंग, मजुरी’ एवढंच.

घरी येऊन अँपला लावली आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की ही माझी गिटार नाही. आवाज होता, पण पत्र्यासारखा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्विचची दोन नंबर आणि चार नंबरची जागा. माझ्या गिटारात मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि त्याचे चुंबकाचे ध्रुवही उलटे, त्यामुळे शेजारच्या पिकअपबरोबर तो चालू झाला की दोघांचा हम एकमेकांना मारतो आणि घरघर जाऊन स्वच्छ आवाज येतो. आता त्या दोन जागांवर हम तसाच आणि सूर मात्र नाकातून आल्यासारखा, बारीक, बेस गायब. म्हणजे मधल्या पिकअपची वायर उलटी जोडलेली होती, फेज उलटी.

आमच्या वाडीत एक काका आहेत, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गिटार त्यांनी कधी उघडली नव्हती पण कॉइल म्हणजे काय हे त्यांना विचारावं. मी त्यांना म्हटलं काका, व्होल्टेजने पिकअप जळले असं सांगितलंन. ते म्हणाले, “अरे झिला, ह्यां जळतला कसां? ह्येच्यात करंट येतलो खंयसून?”

आणि हेच प्रत्येकाने नीट समजून घ्या. साध्या पॅसिव्ह पिकअपला बाहेरून वीज मिळतच नाही. चुंबकाच्या भोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर स्टीलची तार थरथरली की त्या कॉइलमध्ये थोडंसं व्होल्टेज तयार होतं, मिलिव्होल्टमधलं, आणि ते केबलमधून अँपकडे जातं. घरातलं व्होल्टेज वाढलं तर अँप जाईल, अडॅप्टर जाईल, गिटारचा पिकअप कशाला जळेल. पिकअप मरतो, नाही असं नाही. घाम आणि खारी हवा लागून कॉइलची तार तुटते, बहुतेक करून जिथे बाहेरची वायर सोल्डर केलेली असते तिथेच, किंवा कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घुसवून तोडतो. पण तो असा एकेकटा मरतो. तिन्ही एकदम मेले आणि तरी नीट भरीव आवाज येतोय असं होऊच शकत नाही.

मग काकांनी मल्टीमीटर काढला. गिटार उघडायचीही गरज नाही, हे तुम्ही कोणीही घरी करू शकता, दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटर चालतो. केबल गिटारला लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा, मीटर २० किलोओहमवर, एक काडी प्लगच्या टोकाला आणि दुसरी प्लगच्या दांड्याला, व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही फुल. आता स्विच एकेका जागेवर न्या. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते सात किलोओहम येतं, दोन नंबर आणि चार नंबरवर दोन पिकअप समांतर असतात म्हणून निम्म्याच्या आसपास, म्हणजे तीन. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर बहुतेक साडेसात ते नऊ, जास्त आउटपुटवाल्यांना चौदा-पंधरासुद्धा असतं. मीटरने नुसता ‘१’ किंवा ‘ओएल’ दाखवला तर कुठेतरी तुटलंय. शून्य दाखवलं तर हॉट, म्हणजे सिग्नलची वायर ग्राउंडला टेकलीय. हंबकरचा आकडा निम्माच आला तर त्यातली एक कॉइल शॉर्ट झालीय किंवा स्विचने बंद केलेली आहे. व्हॉल्यूमचा पॉट सर्किटमध्ये असतो म्हणून आकडा थोडा कमी दिसतो, आणि उन्हाळ्यात थोडा जास्त दिसतो कारण तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, २० डिग्रीला सहा किलोओहमचा पिकअप मे महिन्यातल्या दुपारी सव्वासहापेक्षाही जास्त दाखवेल. एवढ्या फरकावरून कोणाशी भांडू नका.

आकडे घेतले तर तसे ठीकच आले. स्वस्तातल्या पिकअपलाही सहा किलोओहम येऊ शकतं, म्हणून आकडा म्हणजे पुरावा नाही. पुरावा मिळाला पिकगार्ड उघडल्यावर. माझ्या जुन्या फोटोत पिकअपच्या तळाला सहा गोल दांड्यांची टोकं दिसतात, ते दांडेच चुंबक, अल्निकोचे. आता तळाला काळपट रंगाची चपटी पट्टी चिकटवलेली, म्हणजे सिरॅमिक मॅग्नेट, आणि वरचे दांडे नुसते लोखंडाचे. ऑनलाइन हजार-बाराशेला अख्खा सेट मिळतो तसले. माझी तांब्याची पट्टी फाडून टाकलेली. आणि स्विच? तोच जुना! हिरवट पुटं जशीच्या तशी, फक्त वरून कसलंतरी तेल फवारलेलं. म्हणजे मूळ बिघाड होता त्याला हातही लावलेला नाही आणि जे चांगलं होतं तेवढं काढून घेतलेलं.

(एक सांगून ठेवतो, सिरॅमिक दिसलं की लगेच चोरी समजू नका. २०१८ च्या आधीच्या मेक्सिकन स्टँडर्ड स्ट्रॅटमध्ये कंपनीकडूनच सिरॅमिक पट्टीवाले यायचे. आपल्या गिटारात मुळात काय होतं ते आधी माहीत करून घ्या, मग बोला.)

काकांनी आणि मी बसून मूळ बिघाड काढला. जॅकचा नट सैल होऊन अख्खा जॅक फिरत होता आणि ग्राउंडची वायर एका धाग्यावर लटकलेली, ती नव्याने सोल्डर केली. स्विच आणि पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवले, खरखर गेली. संपलं काम. खर्च जवळपास काहीच नाही.

तुमचीही गिटार बोलेनाशी झाली तर पिकअपचा नंबर सगळ्यात शेवटी येतो हे डोक्यात ठेवा. आधी दुसरी केबल लावून बघा, मग दुसरा अँप, मग जॅक हलवून बघा, मग स्विच, मग पॉट. अँप चालू ठेवून, आवाज कमी ठेवून, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने पिकअपच्या दांड्यावर हलकं टक् केलं की स्पीकरमधून टक् यायला हवं, जो पिकअप स्विचवर निवडलाय त्याचंच आलं पाहिजे. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. हात लावूनही काही फरक पडत नसेल तर ती वायर सुटलेली असण्याची शक्यता जास्त, आणि हात लावल्यावर हम उलट वाढत असेल तर हॉट-ग्राउंड अदलाबदल झालीय का बघा. पण तारांना किंवा माइकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, वाजवू नका, तो गिटारचा प्रश्न नाही, बहुधा घराच्या किंवा मंडपाच्या अर्थिंगचा आहे. आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटला तिसरी वायरच जोडलेली नसते, आणि मंडपात तर बोलायलाच नको. यात जीव जाऊ शकतो. वायरमनला बोलवा.

मी हे सगळं स्वतःपुरतंच ठेवलं असतं, पण मग मालवणच्या एका चर्चमध्ये वाजवणारा मुलगा भेटला, कॉलेजचा आहे. त्यालाही त्याच माणसाने तेच वाक्य सांगितलेलं, पिकअप जळलाय. त्याचा चार वायरवाला हंबकर. घरची परिस्थिती बेताची, आईने भिशीचे पैसे द्यायची तयारी केलेली. आम्ही उघडून बघितलं तर दोन कॉइल एकमेकींना जोडणारा लाल-पांढऱ्या वायरचा जोड सुटलेला, बस्स. तो जोडला, चालू. सिमोर डंकनच्या पिकअपमध्ये लाल-पांढरी एकत्र जोडून काळी हॉट आणि हिरवी ग्राउंडला जाते, डिमार्झिओमध्ये काळी-पांढरी एकत्र आणि लाल हॉट, त्यामुळे एका कंपनीची आकृती बघून दुसऱ्याचं वायरिंग करू नका. त्या मुलाला बघून माझा संताप झाला. माझं एक वेळ चालेल, पण शिकणाऱ्या पोराच्या हातातली एकुलती एक गिटार अशी लुटायची?

मी फोटो प्रिंट करून दुकानात गेलो. आधी म्हणाला हे पिकअप तुमचे नव्हतेच. फोटोत गिटारचा सीरियल नंबरही दाखवला तेव्हा म्हणाला कामगाराने कुठे टाकले बघतो. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि त्याचा नंबर त्याला पाठवला. त्यांनी नाही मिटवलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील असलाच पाहिजे असंही नाही. पण हातात कागद हवा, म्हणून पक्कं बिल मागा, आणि गिटार देतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या की आत कुठले पिकअप आहेत, प्रत्येकाचा आकडा किती, काढलेला प्रत्येक पार्ट परत द्यायचा. जो प्रामाणिक आहे तो खुशीने लिहून देतो, काकांनी तर मला न मागता काढलेला वायरचा तुकडासुद्धा पुडीत बांधून दिला.

तक्रारीनंतर दोन पिकअप परत मिळाले, गळ्याकडचा आणि मधला. कचऱ्यात गेलेले कुठून आले ते त्याने सांगितलं नाही. पैशांचं अजून चालू आहे, मी सोडणार नाहीये. ब्रिजचा मात्र दुसऱ्याच कोणाच्या गिटारात बसवून विकलाय असं त्याच्याच कामगाराकडून कळलं. त्या पिकअपच्या पांढऱ्या वायरवर मी निळी टेप गुंडाळलेली आहे, तळाला एका कोपऱ्यात मार्करने ‘ब्रि’ लिहिलंय. हल्लीच्या महिन्यांत आपल्या भागात कोणी सेकंडहँड स्ट्रॅट घेतली असेल किंवा पिकअप बदलून घेतला असेल तर एकदा पिकगार्ड उघडून बघा. सापडला तर कळवा, घेणाऱ्याचा यात काही दोष नाही, त्याने दिलेले पैसे मी त्याला देईन आणि बदली पिकअपही बसवून देईन.