स्कॉटिश सॅम्पलरची प्रतिकृती: रेशीम घ्यावं की सुती दोरा?

सॅम्पलर म्हणजे पूर्वी मुली भरतकाम शिकताना अक्षरं आणि चित्रं भरून करत ते नमुन्याचं कापड. त्याच्या प्रतिकृतीसाठी ४० काउंटचं (इंचाला ४० धाग्यांचं) लिनन, दोन धाग्यांवर फुली, दोऱ्याचा एक पदर आणि २८ नंबरची बोथट टोकाची सुई. इथपर्यंत फारसं कुणाचं दुमत नसतं. अडतं ते दोऱ्यापाशी. मूळ सॅम्पलर रेशमात किंवा लोकरीत भरलेलं, मग प्रतिकृती सुती दोऱ्यात करणं म्हणजे तडजोड का? मला तसं वाटत नाही, पण रेशमाची बाजू कमजोर मुळीच नाही.

आधी हे लक्षात घ्यावं की स्कॉटिश सॅम्पलर दुरून ओळखू येतं ते लाल-हिरव्यावरून. पिसारा फुलवलेले मोर, वेलांट्या-वळणांची मोठी अक्षरं एक लाल, एक हिरवं अशी आळीपाळीने, खाली घर, कधी आदम आणि ईव्ह, आणि कुटुंबातल्या माणसांच्या आद्याक्षरांच्या रांगा. एडिनबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१८-१९ मध्ये लेस्ली डर्स्ट यांच्या संग्रहातल्या स्कॉटिश सॅम्पलरांचं प्रदर्शन झालं होतं. त्यातल्या नमुन्यांची छायाचित्रं पाहिली तरी हे ठसठशीत दिसतं. (आद्याक्षरं भरताना चार्ट, म्हणजे चौकटींवर आखलेला नमुना, ‘दुरुस्त’ करू नये. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव चालत असे, म्हणून आईचं दुसरं अक्षर वडिलांच्या अक्षराशी जुळत नाही. काळ्या दोऱ्यातली अक्षरं बहुधा दिवंगतांची असतात.) सांगायचा मुद्दा असा की या कामात लाल दोरा खूप लागतो. दोऱ्याची निवड शेवटी या लालपाशीच येऊन ठेपते.

रेशमाचं खरं सामर्थ्य दिसतं ते अक्षरांत. फुलीचे वरचे सगळे टाके एकाच दिशेने पडले की लाल अक्षरावर उजेड सरकताना दिसतो. सुती दोऱ्यात ही झळाळी येत नाही. एका पदरात रेशीम किंचित भरीवही बसतं, त्यामुळे फुल्यांमधून लिनन कमी डोकावतं. आयलेटच्या, म्हणजे भोकाच्या टाक्याच्या अक्षरांतही रेशीम सरस ठरतं. चार बाय चार धाग्यांच्या चौकोनात आठ टाके, प्रत्येक वेळी सुई कडेने वर काढायची आणि मधल्या भोकात खाली घालायची. एकाच भोकातून दोरा आठदा जातो. सुती दोरा शेवटच्या दोन-तीन टाक्यांना पिंजारतो आणि भोक लवेने बुजतं. उपाय आहेत: दोरा ४० सेंटीमीटरहून लांब घेऊ नये, जाड सुईच्या टोकाने मधलं भोक आधीच थोडं रुंद करून घ्यावं, आठही टाक्यांना ताण सारखा द्यावा. तरीही रेशमाइतकं स्वच्छ भोक मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

सुरुवात करताना मात्र रेशीम त्रास देतं. एकच पदर असल्याने दोरा दुमडून फासाने सुरुवात करता येत नाही, ते सुतीतही नाहीच. पण सुती शेपूट तीन-चार टाक्यांखालून ओढलं की धरून राहतं, रेशमाचं सटकतं. पाच-सहा टाक्यांखालून नेऊन एकदा उलट फिरवावं लागतं. बोटांची त्वचा खरखरीत असली की पदर अडकून त्याला केस सुटतात. कोकणात, मुंबईत पावसाळी दमट दिवसांत घामेजल्या बोटांना ते चिकटतं. हे सगळं सवयीने निभावतं.

सवयीने न निभावणारी गोष्ट म्हणजे धुणं. असं काम अनेक महिने हातात असतं. कापड ताणायच्या रिंगचा गोल डाग, बोटांचं तेल, घडीची मळकट रेघ, यातलं काही ना काही राहतंच. शिवाय भरताना तिरकं ओढलं गेलेलं लिनन भिजवल्याशिवाय नीट सरळ होत नाही. आणि गडद लाल रेशीम, विशेषतः हाताने रंगवलेलं, पाण्यात किंवा इस्त्रीच्या वाफेतही रंग सोडू शकतं. चाचणी सोपी आहे: पांढऱ्या ओल्या फडक्यात दोऱ्याचा तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबायची आणि फडकं पाहायचं. पण ते पांढरं राहिलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. चाचणीत बोटभर दोरा असतो. ४० काउंटवर एका फुलीला साधारण ६ मिलिमीटर दोरा जातो, म्हणजे ८ हजार लाल फुल्यांत जवळपास ५० मीटर लाल पदर असतो, आणि त्याच्या शेजारी सगळं कोरं लिनन. मला ही टांगती तलवार नकोशी वाटते. माझं मन सुती दोऱ्याकडे झुकलं ते एवढ्याचसाठी.

गडद लाल सुती दोराही कधीकधी रंग सोडतो. फरक असा की त्याला पाण्याची भीती नसते. गार पाण्यात काम बुडवायचं, पाणी लाल झालं तर बदलायचं, स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं. तोवर कापड वाळू द्यायचं नाही, कारण वाळलं की सुटलेला रंग लिननमध्ये बसतो. इस्त्री तर अजिबात नाही. पाणी स्वच्छ आलं की न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळायचं आणि जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागच्या बाजूने इस्त्री करायची.

रंगाच्या बाबतीत दोन्ही दोऱ्यांना एकच प्रश्न आहे. जुना हिरवा निळ्यावर पिवळा चढवून केलेला असायचा. पिवळा उडाला की पुढून निळसर दिसतो, मागून हिरवा राहतो. चार्टमधले दोऱ्यांचे नंबर पुढच्या बाजूवरून घेतलेत की मागच्या, ते आधी पाहावं. डीएमसी या कंपनीच्या सुती दोऱ्यांतला ८१५ किंवा ४९८ लाल आणि ५२० हिरवा घेतला तर जुनेपणा बराच साधतो. अँकर कंपनीचा दोरा आपल्याकडे सहज मिळतो, पण डीएमसीचे दोन जवळचे हिरवे तिथे कधी एकाच नंबरवर येतात आणि मोराच्या पिसाऱ्यातली छटा हरवते. हिरवे तरी चार्टमध्ये दिलेलेच घ्यावेत.

काम स्क्रोल फ्रेमवर (दोन दांड्यांवर कापड गुंडाळायच्या चौकटीवर) ताणून, रिंग न लावता, हात दर वेळी धुऊन होणार असेल आणि पाणी न लावता थेट काचेआड जाणार असेल, तर रेशीम जरूर घ्यावं. ते देखणंच होईल. लालच्या लडी मात्र दोन्हींत एकदमच, एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, घ्याव्यात. सुतीची लडी ८ मीटरची सहा पदरी, म्हणजे ४८ मीटर, शेपटांची नासाडी धरून साधारण ६ हजार फुल्या. ‘स्वा दाल्जे’ रेशमाची ५ मीटरची सात पदरी, म्हणजे ३५ मीटर, साडेचार हजारांच्या आसपास. ८ हजार लाल फुल्यांना दोन्हीकडे दोन-दोन लडी पुरतील. पण रेशमात उसवायला जागा फार उरत नाही, तिथे तिसरी घेऊन ठेवावी.