देवाचे गोठणे येथील सडा: उन्हाळी फेरीचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, एका स्थानिक वाटाड्यांनी घडवलेल्या फेरीविषयी हे लिहीत आहे. बहुतेक पर्यटक सड्यावर श्रावणात, फुलांसाठी येतात. माझे मत मात्र असे की पहिली फेरी उन्हाळ्यात, कातळ पूर्ण उघडा असतानाच करावी.

मे महिन्यात वर पोहोचल्यावर काळपट-तांबडा जांभा, करपलेले गवत आणि एखाददुसरे खुरटे झुडूप एवढेच दिसते. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे इतके ओसाड माळरान कसे, हा प्रश्न पडतोच, आणि वाटाड्यांनी सगळी फेरी याच प्रश्नाभोवती बांधली होती, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. पुढे उष्ण, दमट हवेत पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरून हे टणक कवच बनले, हे त्यांनी एका जुन्या चिरेखाणीच्या उभ्या कडेवर हात ठेवून समजावले. वर माती जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाऊस एक तर वाहून जातो किंवा भेगांतून खाली मुरतो, चिकण मातीच्या थरावर अडतो आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडतो. खालच्या वाडीतल्या पोफळी या उजाड कातळाच्या जिवावर उभ्या आहेत, हे सरकारी दप्तरात ‘पडीक’ असा शेरा मारणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे असे मला मनापासून वाटते.

आइसलँडच्या अंतर्भागात आस्क्या ज्वालामुखीभोवतीचे ओसाड पठारही असेच आहे. तिथेही बर्फाचे आणि पावसाचे पाणी सच्छिद्र लाव्हा व वाळूतून झिरपून जाते, आणि १९६५ व १९६७ मध्ये अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांना भूशास्त्र शिकवण्यासाठी तीच भूमी निवडली गेली होती. तिथला उन्हाळा मात्र थंड आणि अगदी थोडका असतो. आपल्याकडे पहिल्या सरींनंतर काही दिवसांतच दीपकाडी फुलते आणि पुढे सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती साचल्या पाण्यात वाढते, कारण जे अन्न कातळ देत नाही ते तिला किड्यांतून मिळवावे लागते.

इथल्या मानवाकृती कातळशिल्पापाशी वाटाड्यांनी होकायंत्र ठेवले, तेव्हा सुई उत्तर सोडून भलतीकडे वळली. कोकणातली जी कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली, त्यांत हे शिल्प आहे. त्यावर पाय पडू नये म्हणून वाटाडे दाखवत असलेली काळजी पाहून समाधान वाटले.

उणीव एकच, पण गंभीर आहे. निघायला उशीर झाल्याने परतताना कातळ तापला होता, सावली कुठेच नव्हती आणि गटातल्या ज्येष्ठांना त्रास झाला. वाटाड्यांना आधी कळवून सूर्योदयालाच वर पोहोचण्याचा आग्रह धरावा आणि प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी सोबत ठेवावे. एवढी काळजी घेणार असाल तर मी ही फेरी निःशंकपणे सुचवेन.