सिरॅमिक सांगून कॉम्पोझिट लावलं: इंदूरमधला अनुभव

लग्नाआधी दात पांढरे करून घ्यायला निघालेल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी हे जरूर वाचावं.

लेकीचं लहानपण धार जिल्ह्यात बोअरच्या पाण्यावर गेलं. तिकडच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड जास्त. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात ते पोटात गेलं, की दातांवर तपकिरी डाग येतात. मग कितीही घासा.

विजयनगरच्या एका चकाचक क्लिनिकात वरच्या आठ दातांना सिरॅमिक व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायची कवचं, ठरले, दाताला ९,००० रुपये. "शादी का सीज़न है आंटी, आज बुक करोगी तो ही ये रेट." माप घेतलं नाही, रंग जुळवायला दाताशेजारी शेडची पट्टी धरून पाहिली नाही. दात मशीनने घासले, वर पेस्टसारखं काहीतरी थापलं, निळा लाइट मारला आणि संध्याकाळी पोरगी हसत घरी.

लग्नाचे फोटो झकास आले, ते नाकारत नाही. पण पुढे काही महिन्यांतच दातांच्या कडेला पिवळी रेघ दिसू लागली आणि चिवडा खाताना एकाचा कोपराच उडाला. क्लिनिकात उत्तर मिळालं, "हल्दी-चाय कम करो." इंदुरात राहून पोहे सोडायचे म्हणे!

शेवटी सरकारी डेंटल कॉलेजात दाखवलं. तिथल्या मॅडमनी बघताक्षणी सांगितलं, हे कॉम्पोझिट आहे, म्हणजे थेट दातावर थापून लाइटने घट्ट करायचं दाताच्या रंगाचं रेझिन. सिरॅमिकचा व्हिनियर म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचं पातळ कवच. ते मापावरून लॅबमध्ये बनतं, तोवर दातांवर तात्पुरतं आवरण असतं. काही ठिकाणी मशीनवर त्याच दिवशी होतं, पण तिथेही आधी दातांचं स्कॅनिंग लागतंच. कॉम्पोझिट वाईट नाही; स्वस्त असतं, तुटलं तर दुरुस्त होतं, पण डाग लवकर धरतं. आमच्याकडून पैसे मात्र सिरॅमिकचे घेतले.

पैशांचं एक वेळ सोडा. दात गरजेपेक्षा जास्त घासलेत, आणि घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कठीण थर, परत येत नाही. आता त्या दातांवर जन्मभर काही ना काही आवरण लागणार. डाग हलके असतील तर आधी ब्लीचिंग किंवा मायक्रोअब्रेजन (डागाळलेला अगदी पातळ थर हलकेच काढणं) करून पाहतात, हेही मॅडमकडूनच कळलं. क्लिनिकवाल्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

बिलावर नुसतं "कॉस्मेटिक ट्रीटमेंट, ७२,०००". म्हणून सांगते, कोणत्या दाताला कुठलं मटेरियल आणि कुठल्या लॅबचं, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. डॉक्टरांचा डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, दात मशीनने घासण्यापूर्वीचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर क्लिनिकवाले नरमले. अर्धे पैसे देतो, पण तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्या, म्हणाले. आम्ही दिलं नाही. मॅडमचं लेखी मत जोडून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय.