गंभीर व्हायरल न्यूमोनियात स्टेम सेल की नेहमीचे आयसीयू उपचार? नातेवाइकांसाठी तुलनात्मक आढावा

घरचं माणूस व्हायरल न्यूमोनियाने आयसीयूत आहे, ऑक्सिजन रोज वाढवावा लागतोय आणि अशात कुणीतरी फोन करून सांगतं, "स्टेम सेल देतात म्हणे, विचारून बघा." अशा वेळी शांत डोक्याने विचार होत नाही, म्हणून दोन्ही बाजू इथे शेजारी शेजारी मांडते. माझं मत आधीच सांगून टाकते. नेहमीचे अतिदक्षता उपचार नीट मिळताहेत ना, याच्या मागे लागा. स्टेम सेल नोंदणीकृत चाचणीत, एक पैसाही न घेता मिळत असतील तर विचार करा. विकत मिळत असतील तर नकार द्या.

कोविड असो की स्वाइन फ्लू, आजार टोकाला गेला की फुफ्फुसांतले हवेचे फुगे सुजतात, त्यांत पाणी भरतं आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात. या टप्प्यावर विषाणूइतकंच नुकसान शरीराची बेभान झालेली प्रतिकारशक्तीही करत असते. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, देऊन ती शांत करायची, ही कल्पना इथूनच आली. यासाठी वापरतात त्या मेसेनकायमल पेशी बाळाची नाळ, अस्थिमज्जा किंवा चरबी यांतून मिळवून प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात. शिरेतून दिल्या की त्यातल्या बहुतेक फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात, दाह कमी करणारी द्रव्यं सोडतात आणि थोड्याच काळात नाहीशा होतात. त्यांचं फुफ्फुस बनत नाही. "नवीन फुफ्फुस तयार होईल" असं कुणी सांगत असेल, तर तिथूनच उठून या.

कल्पना मात्र टाकाऊ नाही. उंदरांवरचे निष्कर्ष चांगले होते. मायामी विद्यापीठात कोविडच्या २४ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नाळेच्या पेशींचे, प्रत्येकी सुमारे १० कोटींचे, दोन डोस दिले. महिनाभरानंतर पेशी मिळालेल्यांत ९१ टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांत ४२ टक्के. २०२१च्या जानेवारीत हे आकडे प्रसिद्ध झाले आणि जगभर बातम्या झाल्या. पण एका गटात १२ माणसं असताना दोनतीन रुग्णांचं इकडचं तिकडे झालं तरी टक्केवारी पार बदलते.

मोठी चाचणी अमेरिकेतच झाली. व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांना रेमेस्टेमसेल, म्हणजे अस्थिमज्जेतल्या याच मेसेनकायमल पेशींपासून केलेलं औषध, दिलं. ३०० रुग्ण घ्यायचे होते. २०२०च्या डिसेंबरमध्ये, २२२ रुग्णांनंतर ती थांबवली, कारण ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं जाण्याची चिन्हं नव्हती. ३० दिवसांतले मृत्यू पेशी मिळालेल्यांत ३७.५ टक्के आणि न मिळालेल्यांत ४२.७ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. याच रेमेस्टेमसेलला २०२४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण वेगळ्याच आजारासाठी: लहान मुलांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइड लागू पडत नाही, तेव्हा. म्हणजे ही भोंदूगिरी नाही. आपल्या रुग्णाच्या आजारात उपयोग सिद्ध झालेला नाही, एवढंच.

पुराव्याआधीच आशा बांधली की काय होतं, हे महाराष्ट्राने प्लाझ्माच्या, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तद्रवाच्या, बाबतीत अनुभवलंय. २०२०च्या जूनमध्ये राज्य सरकारने प्लाझ्मा उपचारांचा 'प्रोजेक्ट प्लाटिना' मोठ्या आशेने सुरू केला. नातेवाईक दात्यांसाठी व्हॉट्सॲपवर रात्ररात्र मेसेज पाठवत होते. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत मात्र प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबलं, ना मृत्यू कमी झाले. २०२१च्या मे महिन्यात तो उपचारांच्या यादीतून काढला गेला. त्या धावपळीत लोकांचं जे बळ खर्ची पडलं, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू, नेहमीच्या आयसीयू उपचारांची. ती कुणी फोन करून सांगत नाही, पण जीव वाचल्याचे भक्कम आकडे तिच्याकडे आहेत. व्हेंटिलेटरने मोठे श्वास न देता वजनाच्या हिशेबाने किलोमागे ६ मिली एवढेच छोटे श्वास दिले, तर एआरडीएसमधले मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. हे २००० साली ८६१ रुग्णांवर दिसलं. (हे वजन उंचीवरून काढतात, काट्यावर दिसणारं नव्हे.)

आणि पालथं झोपवणं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथं करायला चारपाच जण लागतात. एक जण डोक्याशी उभा राहून नळी आणि मान सांभाळतो, बाकीचे चादरीच्या आधाराने एका इशाऱ्यावर कूस वळवतात. सलाइनच्या नळ्या ताणल्या जाऊ नयेत, डोळे आणि कपाळ दाबले जाऊ नयेत, हे सगळं बघावं लागतं. मग त्याच स्थितीत किमान १६ तास. फ्रान्स-स्पेनमध्ये ४६६ गंभीर रुग्णांवर झालेल्या चाचणीत यामुळे २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. यात महागडं औषध नाही, पण माणसं आणि मेहनत लागते. म्हणूनच "पालथं झोपवण्याची गरज आहे का, आणि रात्रपाळीत तेवढा स्टाफ असतो का?" हा प्रश्न मला स्टेम सेलच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

औषधांत कोविडसाठी डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू यामुळे ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. इन्फ्लुएन्झाला हा नियम लावू नका. तिथे ऑसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि केवळ फ्लूसाठी स्टेरॉइड द्यायला डॉक्टर कचरतात ते बरोबरच आहे.

सुरक्षिततेत स्टेम सेलची बाजू तशी वाईट नाही. चाचण्यांत पेशींमुळे मोठे अपाय फारसे दिसले नाहीत, मात्र रक्ताच्या गुठळ्या आणि संसर्ग यांवर लक्ष ठेवावंच लागतं. खरी अडचण दर्जाची. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आणतात, वितळवून, धुऊन देतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत, इतकी काळजी घेऊनही, वितळवल्यावर जिवंत राहिलेल्या पेशींचं प्रमाण ३६ ते ८५ टक्क्यांमध्ये हेलकावत होतं. मग एखाद्या खासगी क्लिनिकमधल्या पिशवीत नेमकं काय आहे, हे नातेवाइकाने कसं ओळखायचं?

भारतात गंभीर व्हायरल न्यूमोनियासाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. चाचणी चालू असेल तर तिचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक असतो आणि तो इंटरनेटवर तपासता येतो. पेशींचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र मराठीत मागा, घरी न्या, ओळखीच्या डॉक्टरला दाखवा. रुग्णाला पेशी मिळतील की नुसतं द्रावण, हे चिठ्ठीसारखं ठरतं, पण बाकीचे उपचार दोन्ही गटांना पूर्ण मिळतात. अशी चाचणी तुमच्याच रुग्णालयात असेल आणि डॉक्टरांनी पालथं झोपवण्यापर्यंतचं सगळं केलं असेल, तर माझ्या माणसासाठी मी सही करेन.

पेशींसाठी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दुसऱ्या शहरात मात्र हलवणार नाही. हलवायचंच असेल तर एक्मोची (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात प्राणवायू मिसळणाऱ्या यंत्राची) सोय असलेल्या केंद्रात, आणि ते विचारायचं व्हेंटिलेटर लागल्यावर पहिल्या दोनतीन दिवसांतच. आठवडा उलटल्यावर ती केंद्रं बहुधा रुग्ण घेत नाहीत.